ठमीच्या टाळूवरच्या खपल्या : नोंदी

२९ जून

ठमी आज चार आठवड्यांची झाली. टाळूवर आणि तिच्या आजूबाजूला पिवळट थर दिसतोय. आधीपासूनच असावा पण मला वाटत होतं मावशींचं तेल राहिलंय, कारण आमच्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी तेल काही हात राखून घालत नाहीत. आज पंच्याने पुसून बघितलं तर पुसलंच जाईना. खिडकीत नेऊन बघितलं, दुधाच्या पातेल्याला खरवड धरते ना तसं दिसतंय, आणि त्यातून जावळाचे केस वर आलेत. एका कडेला पापुद्रा सुटत होता, तो हलकेच उचलला तर खाली गुलाबी ओली कातडी दिसली, तिथेच थांबले.

भुवयांमध्ये थोडा कोंडा आहे, डाव्या कानामागे चिकट आहे. बाकी पोरगी मजेत. दूध पिते, झोपते, डोकं कुठे घासत नाही, अंग गरम नाही.

घरातली मतं अशी: आई म्हणते कोंडा. आजी म्हणते खवडे. मावशी म्हणतात, "उष्णता आहे ताई, टाळू अजून नीट भरली नाही." नवऱ्याने चिंचवडहून फोनवर "क्रेडल कॅप आहे ते" (तान्ह्या बाळांच्या डोक्यावर धरणाऱ्या तेलकट खपल्या) असं सांगितलं आणि मग मॅच बघायला गेला.

रोज सकाळी त्याच खिडकीत फोटो काढायचं ठरवलंय. ट्यूबखाली काढला तर सगळंच पिवळं दिसतं आणि फरक कळत नाही.

१ जुलै

पहिला उपाय मावशींचा. खोबरेल तेल आणखी. सकाळी आंघोळीआधी चोळायचं, आंघोळीनंतर परत तळहातावर घेऊन टाळूवर थापटून थापटून जिरवायचं आणि संध्याकाळी परत. तेल घातल्या घातल्या थर मऊ पडतो, छान वाटतं, वाटतं गेलंच आता. दुसऱ्या दिवशी फोटो बघितला तर तेवढाच आहे, उलट जरा जाड. शिवाय पाऊस आहे म्हणून आजी टोपडं काढू देत नाही, आतून डोकं घामेजतं, टोपड्याला आतून तेलाचा आणि खपल्यांचा डाग पडतोय.

३ जुलै

डाळीचं पीठ आणि साय. आईच्या वेळी आम्हा सगळ्या भावंडांना लावलं होतं आणि कोणाला काही झालं नाही हे खरंय, पण आमच्यापैकी कोणाच्या डोक्यावर असा थर होता का हे आईला आठवत नाही. लावलं. पीठ खपलीच्या खाली जाऊन बसलं आणि वाळलं. ते काढायला नुसतं पाणी पुरेना, अर्धा तास ओल्या कापसाने भिजवत बसलो, ठमी रडून लाल, मी घामाने ओली. आजीने मदतीला बारीक दातांची फणी आणली, उवा काढायची. एकदाच फिरवली तर लाल ठिपके उठले. फणी कपाटात वर ठेवून दिलीय, आजीला दिसणार नाही अशी.

म्हणजे पीठ बाद, साय बाद, फणी तर बादच.

६ जुलै

पाहुणे येऊन गेले. एका मामींनी सांगितलं खोबरेलात कापूर टाकून लाव, एका रात्रीत जातं. हे मात्र कोणीही करू नका. कापूर लहान बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातो आणि त्याने बाळाला झटके येऊ शकतात, हे मला आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरने आधीच बजावलं होतं म्हणून मी ठाम राहिले. लिंबू पण कोणीतरी सुचवलं. लिंबू! पाच आठवड्यांच्या सोललेल्या कातडीवर!

त्याच बैठकीत दुसऱ्या एकांनी "डोकं धुवत नाही का गं तिचं?" असं विचारलं. आई दिवसभर गप्प होती नंतर.

नणंदेने ऑलिव्ह ऑइल पाठवलंय, सव्वासातशेची बाटली. महाग आहे म्हणजे चांगलं असणार म्हणून लावतोय.

९ जुलै

ऑलिव्ह ऑइलने मऊ होतंय पण कपाळाच्या कडेने लाली आलीय, आधी नव्हती. बंद केलं. उरलेली बाटली आईने सॅलडला घेतली, आमच्या घरात सॅलड म्हणजे कोशिंबीर.

आज सगळे फोटो एकापुढे एक लावून बघितले तेव्हा एक गोष्ट दिसली. बाजूला, कानांच्या वर, मागे मानेकडे थर पातळ आहे. बरोब्बर टाळूवर जाड आहे. म्हणजे जिथे रोज सगळ्यात जास्त तेल पडतं तिथे. आणि आंघोळीच्या वेळी बघत बसले तर कळलं की मावशी डोक्याला सगळीकडे हात फिरवतात पण टाळूवर नुसतं पाणी सोडतात, बोट लावत नाहीत. मी पण नाही लावत. आई पण नाही. मऊ आहे, लबलब उडते, भीती वाटते. तेल मात्र तिथेच जिरवतो.

१३ जुलै

दीड महिन्याची लस होती, तेव्हाच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी कानामागे बघितलं, मग भुवया, मानेची घडी, काखा आणि लंगोटाची जागा, आणि मग डोकं. वेळ लागला तो त्या बाकीच्या जागांनाच, डोकं बघून झटकन म्हणाल्या की क्रेडल कॅपच आहे, डॉक्टरी नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्यांनी सांगितलेलं जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

आईच्या पोटातून आलेले हार्मोन बाळाच्या अंगात काही काळ राहतात, त्याने डोक्याच्या कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात असतात. त्यात मॅलेसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असते, ती आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतेच. तिला स्वतःला लागणारी स्निग्ध आम्लं बनवता येत नाहीत, ती कातडीवरच्या तेलावर जगते. म्हणून तेल लावून तसंच ठेवलं तर आपणच तिला जेवायला वाढतो. खपली मऊ करायला तेल चालेल, पण लावलेलं तेल धुऊन निघालं पाहिजे. अस्वच्छतेने होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, बहुतेक बाळांचं सहा महिने ते वर्षाच्या आत आपोआप जातं. काही नाही केलं तरी चालतं. (हे वाक्य मी त्यांना आईसमोर परत म्हणायला लावलं.)

ऑलिव्ह नको, त्याने लहान बाळाच्या कातडीचं वरचं आवरण कमजोर होतं. शेंगदाण्याचं तेल नको, अ‍ॅलर्जीची भानगड. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू नको, त्यातल्या काहींत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं ते बाळाच्या कातडीतून रक्तात जातं. टाळूला घाबरायचं नाही, खाली चिवट पडदा असतो, बोटांच्या पेरांनी हलकं चोळलं तर काही होत नाही. दाबायचं मात्र नाही.

आणि एक, मावशी नाकात तेलाचे थेंब सोडतात हे मी सहज बोलून गेले तर डॉक्टर एकदम खुर्चीत पुढे आल्या. तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आजपासून बंद. नाकात नाही, कानात नाही.

लगेच दाखवायचं कधी: पू किंवा पाणी यायला लागलं, सूज आली, ताप आला, अंगभर पसरलं, किंवा लाल-जांभळे बारीक ठिपके दिसले जे बोटाने दाबून फिके होत नाहीत. ठमीला यातलं काही नाही.

लिहून दिलं: लाइट लिक्विड पॅराफिन (पातळ खनिज तेल) आणि बाळाचा साधा शाम्पू, एक दिवसाआड. फी आठशे.

मेडिकलमध्ये पॅराफिन मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कोणाला बद्धकोष्ठ आहे? ते पोट साफ व्हायला पण देतात म्हणे. बाळाच्या डोक्याला लावायचंय म्हटल्यावर त्याने "मॅडम त्यापेक्षा हे घ्या, दोन दिवसात साफ" म्हणून एक क्रीम पुढे केलं, मागे बारीक अक्षरात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध तिन्ही एकत्र. परत दिलं. पॅराफिनचे एकशे दहा रुपये.

१४ जुलै

मावशींशी बोलणं. याला मी आदल्या रात्रीपासून घाबरत होते. मावशी या भागात पंचवीसेक वर्षं न्हाऊ घालतायत, मला पण त्यांच्याच जाऊबाईंनी घातलं होतं, आणि टाळू भरणं म्हणजे त्यांच्या कामाचा मानाचा भाग. "तेल बंद" असं म्हटलं असतं तर उद्यापासून आल्याच नसत्या.

म्हणून असं मांडलं: मावशी, तेल घाला पण आंघोळीच्या आधी, आणि मग तुम्हीच ते पूर्ण काढा. आंघोळीनंतर डोक्याला काही नको.

"मग टाळू कशी भरायची?"

आई मध्ये पडली. म्हणाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ती आपोआप भरते, दीड वर्षापर्यंत हाड जुळतं. मावशी मला म्हणाल्या, "बघा हं ताई, उद्या टाळू बसली तर मला नाव ठेवायचं नाही." नाही ठेवणार म्हटलं. अंगाला मालीश पहिल्यासारखीच, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, ठमीची तर अजिबात नाही.

१६ जुलै

पद्धत जमायला लागलीय. आज जे केलं ते सविस्तर लिहिते कारण अडचण सगळी बारीकसारीक गोष्टींत आहे.

पॅराफिन बाटलीतून डोक्यावर ओतायचं नाही, ओघळून डोळ्यात-तोंडात जातं आणि तोंडात तर जायलाच नको. कापसाच्या बोळ्यावर घेऊन फक्त थरावर टिपायचं. पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात दूध पाजलं तर पोरगी स्थिर राहते, माझ्या खांद्यावर जुनं दुपटं टाकते कारण हे तेल कपड्यातून जात नाही. मग ब्रश, केस ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, छोट्या गोल हातांनी. ज्या पापुद्र्याची कड आधीच उचललेली आहे तो ब्रशला येतो. जो येत नाही तो आज तयार नाही, त्याला सोडून द्यायचं. हे सोडून देणं मला सगळ्यात कठीण जातंय, अर्धवट लोंबणारी खपली दिसली की हात शिवशिवतो.

मग आंघोळ. मावशी पाय पसरून पाटावर बसतात, ठमी त्यांच्या नडग्यांवर पालथी, तेव्हा डोक्याचा मागचा भाग. उताणी केली की पुढचा. शाम्पू आधी तळहातावर पाण्यात फेसून मग लावायचा. टाळूवर मी स्वतः बोटं फिरवली. पहिल्यांदा श्वास रोखून. तिला काहीच वाटलं नाही, जांभई दिली.

ब्रशबद्दल: बाळाच्या सेटमध्ये आलेला ब्रश दिसायला गोंडस पण केस ताठ, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवला तर ओरखडे दिसले. दुसरा सिलिकॉनचा ऑनलाइन मागवला, एकशे नव्वद, त्याचे दाणे इतके जाड की पापुद्र्यावरून नुसते घसरतात. आई पावसात तुळशीबागेत जाऊन साठ रुपयांचा मऊ केसांचा घेऊन आली, तोच चालतोय. भुवयांना मात्र तोही मोठा, तिथे ओला कापूसच.

१९ जुलै

बाजूचे पातळ भाग साफ. पण आज आंघोळीनंतर डोकं सगळं पांढुरकं आणि चिकट. वाटलं परत आलं.

कारण सापडायला दुपार गेली. काल मावशींनी शाम्पू संपत आला म्हणून वाचवला आणि डोक्याला साबणाची वडी लावली. आम्ही पुण्याला धायरीत, बिल्डिंगला बोअर आणि टँकरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो असलं जड. जड पाण्यात साबण लावला की त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तो केसात बसतो. शाम्पूचं तसं होत नाही. आता डोक्यावरचं शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरमधलं, एक तांब्या कोमट करून. कोथरूडला मावसबहिणीकडे नळाला खडकवासला धरणाचं पाणी येतं, ते असं जड नाही, तिला हे प्रकरण समजलंच नाही.

साबण फक्त अंगाला. डोक्याला नाही. मोरीच्या दारावर कागद चिकटवलाय.

२५ जुलै

आज टाळूवरचा मोठा पापुद्रा आपसूक निघाला, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्याच्याबरोबर केसांचा पुंजका पण. तिथे टक्कल दिसतंय. आजीने डोळ्याला पदर लावला. केस मुळासकट आलेत असं वाटतं पण फोटो पाठवल्यावर डॉक्टरांनी कळवलं की परत येतात, ठिगळासारखी जागा वाढत गेली किंवा केस मधूनच तुटलेले दिसले तर आणून दाखवा, ते वेगळं असतं.

यावरून जावळ आत्ताच काढून टाकू असा ठराव आला. मामांना फोन पण लागला होता. मी अडवलं. खपलीवरून वस्तरा फिरवला तर कापलं जाणार, आणि केस गेल्याने ग्रंथींचं तेल थोडीच थांबणार आहे? डोकं पूर्ण साफ झालं की मग काढा जावळ, मुहूर्त बघून, मामाच्या मांडीवर बसवून, सगळं हौसेने.

२ ऑगस्ट

डाव्या कानामागची घडी ओली झालीय, बारीक भेग, वास येतोय. डोक्याच्या गडबडीत तिकडे कोणी बघितलंच नव्हतं, दूध ओघळून तिथे साचतं. डॉक्टरांनी बघून बुरशीवरचं क्रीम दिलं, अगदी पातळ लावायला, आणि कोरडं ठेवा म्हणाल्या. फी पाचशे, फॉलोअपची. क्रीम शंभराच्या आत.

आंघोळीनंतर कानामागे मऊ फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. आणि मावशींची वेखंडाची पावडर त्या घडीत घालायची नाही, ओल्यावर तिचा चिखल होतो. धुरी पण बंद केली, तिचा खपल्यांशी संबंध नाही, पण बंद खोलीत तान्ह्या बाळाला धूर कशाला.

१० ऑगस्ट

अडीच महिन्यांची लस. कान बरा. डोक्याच्या बाजू स्वच्छ. टाळूवर मात्र दोन बोटांएवढी जागा काढली की परत धरते. डॉक्टरांनी आता कीटोकोनॅझोल हा बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू लिहून दिला, २ टक्क्यांचा. आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन-चार मिनिटं ठेवायचा आणि भरपूर पाण्याने काढायचा, डोळे सांभाळायचे. स्वतःच्या मनाने आणून लावू नका, दिलेल्या मुदतीपुरताच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अडीचशेच्या आसपास.

तीन मिनिटं म्हणजे किती हे ओल्या बाळाला धरल्याशिवाय कळत नाही. मावशी आरती म्हणतात, "सुखकर्ता" आणि "लवथवती" संपलं की पाणी.

२४ ऑगस्ट

गणपती तोंडावर, घरात साफसफाई. टाळू साफ! कातडी थोडी गुलाबी आहे, गेल्या महिन्यात टक्कल पडलेल्या जागी बारीक केस दिसतायत. शाम्पू बंद करायला सांगितलंय, आता आठवड्यातून दोनदा साधा.

शेजारच्या विंगमधल्या वहिनी त्यांच्या बाळाला घेऊन आल्या, "तुमच्या ठमीचं काय लावलं ते सांग." बाळ पाच महिन्यांचं. बघितलं तर चिकट पिवळं काहीच नाही, कोरडं खरखरीत, गाल लालभडक, हाताच्या कोपरावर पण, आणि ते बाळ सारखं डोकं उशीवर घासत होतं, वहिनी म्हणाल्या रात्रभर झोपत नाही. बाळाच्या बाबांना दमा आहे. ठमीला खाज कधीच नव्हती. पॅराफिनची बाटली हातात घेतली होती ती खाली ठेवली आणि म्हटलं, हे ते नाहीये वहिनी, डॉक्टरांना दाखवा. जरा नाराज झाल्या. काल निरोप आला, एक्झिमा निघाला, कोरड्या कातडीचा खाजरा त्रास, घरात कोणाला दमा असला की जास्त दिसतो.

७ सप्टेंबर

पुढच्या आठवड्यात चिंचवडला सासरी जायचं. सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, पण टाळूला तेल कोण घालणार?" मी घालणार म्हटलं, आंघोळीच्या आधी.

परवा टाळूवर परत दोन-तीन पातळ पापुद्रे दिसले. ब्रश फिरवला, आले ते आले. भुवयांतला कोंडा आहे अजून, त्याला हात लावत नाहीये. पॅराफिन अर्धी बाटली उरलंय, ते आणि साठ रुपयांचा ब्रश बॅगेत भरलाय, सिलिकॉनचा आईने चांदीची भांडी घासायला ठेवून घेतला.